अमेरिकेचं विसावं शतक: बाजार, सरकार आणि दक्षिणेची मतं

अमेरिकेच्या विसाव्या शतकाची आर्थिक गोष्ट सांगण्याची एक ठरीव पद्धत आहे. आधी बेलगाम भांडवलदारी, मग १९२९ ची घसरगुंडी, मग रूझवेल्ट आणि केन्स, युद्धानंतरची पंचवीस-तीस वर्षांची भरभराट, सत्तरच्या दशकातली भाववाढ आणि शेवटी फ्रीडमन आणि रेगन. कधी पारडं सरकारकडे झुकलं, कधी बाजाराकडे. गंमत अशी की डावे आणि उजवे दोघंही हीच गोष्ट सांगतात, फक्त नायक आणि खलनायक बदलतात. डाव्यांच्या मते देशाची वाट १९८० नंतर चुकली, उजव्यांच्या मते १९३३ नंतर. पारडं झुकवणारं वजन नेमकं कुणाचं होतं, हे मात्र दोघंही फारसं विचारत नाहीत. विचारवंतांची पुस्तकं वाचून जनता पटकन इकडची तिकडे गेली, असं त्यांनी जवळजवळ गृहीतच धरलेलं असतं. अर्थशास्त्रज्ञांना ही मांडणी आवडावी यात नवल नाही. तिच्यात त्यांचा भाव वधारतो. मला ती पुरेशी वाटत नाही. अमेरिकेत सरकारने अर्थव्यवस्थेत किती उतरायचं याचा निकाल शतकभर एका अटीवर लागत गेला: सरकार जे देईल ते कुणाला मिळणार आणि वाटप कुणाच्या हातून होणार. ही अट घालण्याची ताकद होती ती यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या अकरा राज्यांकडे. अट पाळली गेली तोवर ही राज्यं मोठ्या सरकारच्या बाजूने उभी राहिली. अट मोडली तेव्हा ती हळूहळू दुसऱ्या बाजूला गेली आणि देशाचं अर्थकारणही त्यांच्यामागून गेलं.

दक्षिण मुळातच सरकारविरोधी होती, हा समज आधी दूर करायला हवा. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकर पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवला, तेव्हा सर्वांत जास्त चरफडले ते दक्षिण आणि पश्चिमेचे शेतकरी. आयात मालावरच्या जकातीचा बोजा त्यांच्यावर पडत होता आणि न्यूयॉर्कचे धनिक मोकळे सुटत होते. १९१३ च्या फेब्रुवारीत सोळावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि त्याच वर्षी १ ते ७ टक्के दराचा प्राप्तिकर आला. त्या कायद्याचा मसुदा टेनेसीच्या कॉर्डेल हल यांचा होता. डिसेंबरात फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. त्याचे सभागृहातले कर्णधार होते व्हर्जिनियाचे कार्टर ग्लास. हेच ग्लास १९०१-०२ मध्ये व्हर्जिनियाच्या घटना परिषदेत होते आणि काळ्या मतदारांना यादीतून बाद करणं हाच आपला उद्देश असल्याचं त्यांनी तिथे उजळ माथ्याने सांगितलं होतं. १९३३ मध्ये व्यापारी बँका आणि रोख्यांचा धंदा वेगळा करणारा जो ग्लास-स्टीगल कायदा झाला, त्यातले ग्लासही तेच. अध्यक्ष विल्सन यांनी १९१३ मध्येच टपाल आणि अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवण्याची मुभा दिली. म्हणजे आर्थिक सुधारणा आणि वर्णभेद शेजारी शेजारी नव्हे, एकाच माणसाच्या हातून चालले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचे गुरू एडविन सेलिगमन हे चढत्या प्राप्तिकराचे अमेरिकेतले मोठे अभ्यासक. आंबेडकरांच्या ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. कर कुणी भरायचा आणि खर्च कुणावर व्हायचा हा प्रश्न त्या वर्षी त्या शहरात नुसता पुस्तकी राहिलेला नव्हता.

महामंदीची हकीकत इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की ती इथे थोडक्यात उरकतो. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या, चलनपुरवठा एक तृतीयांशाने आटला आणि १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार होता. फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ च्या ग्रंथात दोष फेडरल रिझर्व्हच्या नाकर्तेपणावर ठेवला, केन्सवाद्यांनी मागणीच्या कोसळण्यावर. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे आणि सोन्याशी बांधलेल्या चलनामुळे सरकारांचे हात जखडले होते, हे आता दोघंही मान्य करतात. माझ्या मुद्द्यासाठी एवढंच पुरे आहे की संकटाने दार उघडलं. दारातून आत काय यावं हे संकट ठरवत नाही. त्याच संकटातून जर्मनीत हिटलर आला आणि स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट आले. अमेरिकेत काय आलं, ते पाहण्यासाठी वॉशिंग्टनमधल्या समित्यांच्या खोल्यांत शिरावं लागतं.

तिथलं गणित असं होतं. दक्षिणेत काळ्या लोकसंख्येची मोजणी प्रतिनिधी ठरवताना व्हायची, पण मतदान करताना नाही. मतदानकर आणि साक्षरतेच्या परीक्षा यांनी ती वाट बंद केली होती. गरीब गोऱ्यांपैकीही बरेच या चाळण्यांत अडकत. रिपब्लिकन पक्ष तिथे नावालाच होता. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार एकदा निवडून आला की वर्षानुवर्षं हलायचा नाही. संसदेतल्या समित्यांचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळायचं. जिथे निवडणुकीत चुरस नाही तिथले सदस्य सर्वांत ज्येष्ठ, हे ओघानेच आलं. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचं विधेयक आलं तेव्हा सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे पॅट हॅरिसन होते आणि प्रतिनिधिगृहातल्या कर समितीचे अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायनाचे रॉबर्ट डॉटन. अकरा राज्यांचे बावीसच्या बावीस सिनेटर डेमोक्रॅट. रूझवेल्ट यांना आपलं एकही विधेयक या मंडळींना डावलून पुढे रेटता आलं नसतं आणि ते पक्के हिशोबी राजकारणी होते.

मूळ प्रस्तावात वृद्धापकाळ विम्याच्या कक्षेत शेतमजूर आणि घरकामगारही होते. समितीतून विधेयक बाहेर पडलं तेव्हा ते गळले होते. देशातल्या काळ्या कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक याच दोन कामांत होते. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी फेब्रुवारी १९३५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना या विधेयकाला चाळणी म्हटलं: बहुसंख्य काळी माणसं खाली पडतील नेमकी एवढ्याच आकाराची भोकं असलेली. त्याच वर्षी कामगारांना संघटनेचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारा वॅग्नर कायदा झाला. त्यातही हेच दोन गट वगळले. १९३८ मध्ये ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला, त्यातही तेच. गरीब म्हाताऱ्यांना द्यायच्या मदतीत रक्कम आणि पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिला. कापूस वेचणीच्या हंगामात मजूर मदतीच्या भरवशावर घरी बसू नयेत, ही मळेवाल्यांची चिंता होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. गॅरेथ डेव्हिस आणि मार्था डर्थिक यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की वगळण्यामागे वर्णद्वेष नव्हता, कारभाराची अडचण होती. लाखो शेतांवर आणि स्वयंपाकघरांत काम करणाऱ्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापायची कशी? अर्थमंत्री मॉर्गेनथाउ यांनी हीच अडचण समितीपुढे मांडली होती आणि ते काही दक्षिणेचे नव्हते. इतर देशांनीही विमा सुरू करताना आधी कारखान्यातला कामगार धरला आणि शेतमजूर मागाहून. शिवाय वगळलेल्यांत संख्येने गोरेच जास्त होते. वृद्धापकाळ विम्यापुरता हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण तोच वॅग्नर कायद्याला लावून पाहा. संघटना बांधण्याचा हक्क द्यायला कुणाच्या पगारातून काहीच कापावं लागत नाही. वेतनाच्या कायद्यालाही हे कारण लंगडंच पडतं आणि तिथे तर काही दक्षिणी सदस्यांनी काळ्या आणि गोऱ्या मजुराला एकाच दरात बसवता येणार नाही, हे सभागृहात उघड बोलून दाखवलं. एका कायद्यात कारभाराची अडचण असेल, पण तीन कायद्यांत तेच दोन धंदे गळत असतील तर अडचण कारभाराची नाही. वगळलेल्यांत गोरे जास्त होते, हे खरं आहे आणि त्याने माझा मुद्दा बळावतोच: स्वस्त मजुरीची व्यवस्था टिकवण्याची किंमत गरीब गोऱ्यांनीही मोजली. शेतीच्या कायद्याचंच बघा. १९३३ पासून कापसाचं क्षेत्र कमी करण्यासाठी सरकारने पैसे दिले, ते बहुतांशी जमीनमालकाच्या हाती. क्षेत्र कमी झालं तसा अर्धेलीने जमीन कसणारा गडी नकोसा झाला. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये अशा कुळांनी संघटना उभारली, त्यात काळे आणि गोरे दोन्ही होते. मळेवाल्यांनी ती दंडेलीने मोडली आणि वॉशिंग्टनने तोंडदेखलं हळहळण्यापलीकडे काही केलं नाही.

मंदी रूझवेल्ट यांच्या या सुधारणांनी, म्हणजे न्यू डीलने, संपवली नाही, युद्धाने संपवली, हा दुसरा नेहमीचा आक्षेप. आकडे त्याच्या बाजूने आहेत. बेरोजगारी १९४० मध्ये १४.६ टक्के होती, १९४४ मध्ये १.२ टक्के. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९४ टक्क्यांवर गेला आणि कर भरणारे चाळीस लाखांच्या आसपासचे चार कोटींवर पोचले. १९४३ पासून तो पगारातूनच कापला जाऊ लागला. युद्धकाळात पगारांवर नियंत्रण होतं आणि ते तळच्या कामगारांच्या बाजूने राबवलं गेलं. उत्पन्नातली दरी या चार-पाच वर्षांत जितकी आटली तितकी त्या शतकात आधी किंवा नंतर कधीच आटली नाही. वरच्या दहा टक्क्यांचा वाटा ४५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला. क्लॉडिया गोल्डिन आणि रॉबर्ट मार्गो यांनी या आकुंचनाचा १९९२ मध्ये बारकाईने अभ्यास केला. पण इथेच खरं कोडं आहे. नियंत्रणं १९४६ मध्ये उठली, मग दरी पुन्हा का वाढली नाही? ती तीस वर्षं जिथल्या तिथे राहिली. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ च्या निबंधात सुचवलं की औद्योगिकीकरण पिकलं की विषमता आपसूक घटते. हे जवळजवळ सगळं अनुमान आहे असं त्यांनी स्वतः बजावलं होतं. शिष्यांनी निष्कर्ष तेवढा घेतला, इशारा सोडून दिला. शाळा-कॉलेजांच्या प्रसाराने कुशल कामगारांची टंचाई घटली, हे गोल्डिन आणि कॅट्झ यांचं उत्तर अधिक पक्कं आहे आणि त्याला मी नाकारत नाही. पण शिक्षणाला जोड होती नियमांची. आयझेनहॉवर यांच्यासारखा रिपब्लिकन अध्यक्ष असतानाही वरचा करदर ९१ टक्के राहिला. दर तीन कामगारांमागे एक संघटनेत होता. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि वॉल्टर रॉयथर यांच्या मोटार कामगार संघटनेने पाच वर्षांचा करार केला: महागाई वाढेल तशी पगारवाढ, उत्पादकतेचा वाटा, निवृत्तिवेतन, आजारपणाचा विमा. बाकीच्या उद्योगांनी तोच कित्ता गिरवला.

या भरभराटीतलं सुख कुणाच्या वाट्याला आलं, हे जवळून पाहायला हवं. १९४४ चा सैनिकांसाठीचा कायदा हा अमेरिकन मध्यमवर्ग घडवणारा सर्वांत मोठा सरकारी कार्यक्रम. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, लाखोंनी घरं बांधली. कायद्यात वर्णाचा शब्दही नाही. पण सभागृहातल्या माजी सैनिक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जॉन रँकिन आणि अंमलबजावणी स्थानिक कचेऱ्यांकडे, स्थानिक बँकांकडेच राहावी याची त्यांनी खबरदारी घेतली. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली कर्जं भरली २. उत्तरेतही चित्र फार निराळं नव्हतं. गृहकर्जाचा विमा देणारी सरकारी संस्था काळी वस्ती जवळ असली की त्या भागाला जोखमीचा ठरवायची. न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटाउन १९४७ पासून याच कर्जांवर उभं राहिलं आणि तिथल्या सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असं कलम छापलेलं होतं. आपल्याकडे राजदूत म्हणून आलेले जॉन केनेथ गॅलब्रेथ यांनी १९५२ मध्ये मांडलं की मोठ्या कंपन्यांच्या ताकदीला संघटनांची प्रतिताकद लगाम घालते. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांपुरतं ते बरोबरच होतं. दक्षिणेत १९४६ ची संघटना बांधणीची मोहीम फसली होती आणि १९४७ मध्ये ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून टाफ्ट-हार्टली कायदा झाला होता, तो बहुसंख्य दक्षिणी डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांना साथ दिल्याने. त्या कायद्याने संघटनेची वर्गणी ऐच्छिक करण्याची मुभा राज्यांना दिली. कंपन्यांना स्वस्त आणि असंघटित मजूर देणारा एक अख्खा प्रदेश देशातच राखून ठेवला गेला. पुढे कारखाने तिकडेच गेले.

एवढं सांगितल्यावर उलट बाजूही नोंदली पाहिजे. काळ्या अमेरिकनांना यातून काहीच मिळालं नाही असं मानणं इतिहासाला धरून नाही. सरकारी रोजगार हमीच्या कामांवर ते होते. १९३६ मध्ये त्यांनी लिंकनचा रिपब्लिकन पक्ष सोडून रूझवेल्टना मतं दिली ती काही भाबडेपणाने नव्हे. १९४१ मध्ये काळ्या कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर मोर्चाची धमकी दिली, तेव्हा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत भेदभावाला मनाई करणारा आदेश निघाला. चाळीसच्या दशकात काळ्या-गोऱ्यांच्या पगारातलं अंतर खरोखर कमी झालं. दक्षिणेशी झालेली ही तडजोड एकाच वेळी माणसांना वर उचलत होती आणि काहींना बाहेर ठेवत होती. तिला निव्वळ पाखंड म्हणून मोडीत काढणाऱ्यांशीही माझं पटत नाही. दक्षिणेची मतं नसती तर वॅग्नर कायदाच झाला नसता.

तडजोड मोडली ती नीतिमत्तेच्या साक्षात्काराने नाही. निदान सुरुवात तिथून झाली नाही. २ ऑक्टोबर १९४४ रोजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची कापूस वेचणारी यंत्रं लोकांसमोर चालवून दाखवण्यात आली. हाताने एक गासडी वेचायला चाळीस डॉलरच्या घरात खर्च यायचा, यंत्राने पाच डॉलरांच्या जरा वर. ज्या स्वस्त मजुरांना जागीच धरून ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते मजूरच आता नको झाले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला गेली आणि तिथे त्यांना मत होतं. उत्तरेतल्या डेमोक्रॅटांना ती मतं लागू लागली. एकाच पक्षात काळे मतदार आणि त्यांना मतदानापासून रोखणारे पुढारी किती दिवस नांदणार? १९४८ मध्ये पक्षाने नागरी हक्कांचा ठराव केला तेव्हा दक्षिणेतले डेमोक्रॅट स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळी चूल मांडून चार राज्यं जिंकली. तो नुसता इशारा होता.

१९६४ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक दक्षिणी सिनेटरांनी लांबलचक भाषणं करून दोन महिन्यांहून अधिक काळ अडवून धरलं. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. रिपब्लिकन पक्षाच्या ३३ सिनेटरांपैकी २७ जणांनी विधेयकाला मत दिलं, हे आज त्यांच्या विरोधकांना आठवत नाही. विरोधात मत देणाऱ्या सहांत बॅरी गोल्डवॉटर होते आणि पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनाच दिली. ते देशभर आपटले. स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांनी जिंकली ती पाच राज्यं, सगळी खोल दक्षिणेतली. मिसिसिपीने १९३६ मध्ये रूझवेल्टना ९७ टक्के मतं दिली होती. अठ्ठावीस वर्षांनी त्याच मिसिसिपीने ८७ टक्के मतं दिली गोल्डवॉटरना, म्हणजे रूझवेल्टचं सगळं कर्तृत्व पुसून टाकू म्हणणाऱ्या माणसाला. दारिद्र्य तेच, शेतीवरचं सरकारी अनुदान तेच. बदलली होती फक्त अट.

अट बदलल्यावर काय झालं, याची मोजमापं आता हाताशी आहेत. म्हाताऱ्यांच्या वैद्यकीय विम्याची योजना १९६६ मध्ये सुरू झाली, तेव्हा काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या इस्पितळांना पैसे मिळणार नाहीत असं ठरलं आणि चार महिन्यांच्या आत सुमारे एक हजार इस्पितळांनी ते बंद केले. दहा वर्षं कोर्टकचेऱ्यांनी जे झालं नव्हतं ते चेकबुकाने झालं. १९६६ मध्येच किमान वेतनाचा कायदा शेती, उपाहारगृहं, इस्पितळं अशा ठिकाणी लागू करणारी दुरुस्ती झाली. एलोरा डेरेनकूर आणि क्लेअर मोंतियालू यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार त्या काळात काळ्या-गोऱ्यांच्या कमाईतलं जे अंतर घटलं, त्यातला पाचव्या हिश्शाहून मोठा भाग एकट्या या विस्ताराचा आहे. १९३८ च्या त्या कलमाची किंमत काय होती, ती अशी अठ्ठावीस वर्षांनी कळली. याच लाटेत ऑक्टोबर १९६५ चा स्थलांतराचा कायदाही झाला. तोवर भारताच्या वाट्याला वर्षाला शंभर जागा होत्या. आता एका देशाची मर्यादा वीस हजारांवर गेली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर न्यू जर्सीत आणि शिकागोत दिसू लागले ते यानंतर. त्यांच्या व्हिसामागे नागरी हक्कांसाठी अलाबामात निघालेल्या मोर्चांचा हात होता, हे तिथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत क्वचितच निघतं.

सगळ्यांत कडक आक्षेप सत्तरच्या दशकाचा आहे. दक्षिणेचं पक्षांतर हा राजकारणाचा विषय झाला, अर्थकारण बदललं ते भाववाढ आणि मंदी एकदम आल्यामुळे. त्यात वर्णाचा काय संबंध? निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ ला डॉलरचा सोन्याशी संबंध तोडला, १९७३-७४ मध्ये तेल चौपट महागलं, १९८० मध्ये महागाई १३.५ टक्क्यांवर गेली. केन्सवाद्यांकडे उत्तर नव्हतं, फ्रीडमनकडे होतं. विमानसेवा आणि मालवाहतूक खुली केली ती डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी. फेडरल रिझर्व्हवर पॉल वोल्कर यांनाही त्यांनीच नेमलं. वोल्कर यांनी व्याजदर विसाच्या घरात नेले आणि १९८२ अखेर बेरोजगारी १०.८ टक्के झाली. ब्रिटनमध्ये थॅचरबाई तर १९७९ मध्येच सत्तेवर आल्या होत्या, तिथे कुठे होती दक्षिण? हे सारं खरं आहे. भाववाढ मोडणं भाग होतं आणि ती कुणीही मोडली असती. प्रगतीचा वेग मंदावला त्याचंही खापर वर्णावर फोडता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉर्डन म्हणतात त्याप्रमाणे वीज, मोटार, नळाचं पाणी यांसारखे शोध एकदाच लागतात. पण वाटपाचा प्रश्न उरतोच. शेजारच्या कॅनडाकडे पाहा. तेच तेल, तेच मोटार कारखाने, कित्येक ठिकाणी तीच संघटना. शतक संपताना कॅनडात तीस टक्क्यांच्या आसपास कामगार संघटित होते, अमेरिकेत १३.५ टक्के. तंत्रज्ञान आणि जागतिक व्यापार यांनी दोन्हीकडे सारखाच तडाखा दिला होता, कायदा मात्र सारखा नव्हता. अमेरिकेत कामगार कायदा सुधारण्याचं विधेयक १९७८ मध्ये सिनेटमध्ये दोन मतांनी अडकलं, डेमोक्रॅटांचं भक्कम बहुमत असताना आणि त्याला अडवणाऱ्यांत दक्षिणेचे डेमोक्रॅट होतेच. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंनी खाणकामगारांना नमवलं, पण राष्ट्रीय आरोग्य सेवेला हात लावायला त्या धजल्या नाहीत, कारण ती सगळ्यांची होती. अल्बेर्टो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेसर यांनी २००४ मध्ये युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या कल्याणकारी खर्चाच्या तफावतीचा हिशोब मांडला, तेव्हा जवळपास निम्मी तफावत त्यांना वांशिक भेदात सापडली आणि उरलेली राजकीय संस्थांत. इल्याना कुझीमको आणि एबोनिया वॉशिंग्टन यांनी जुन्या मतचाचण्या धुंडाळून २०१८ मध्ये दाखवलं की १९५८ ते १९८० या काळात डेमोक्रॅटांनी दक्षिणेतली जी गोरी मतं गमावली, ती जवळजवळ सगळी वर्णविषयक मतांमुळे गेली; वाढत्या उत्पन्नाने त्यात फारसं काही घडलं नाही. फ्रीडमन यांचं मुक्त बाजाराची बाजू मांडणारं पुस्तक १९६२ पासून दुकानात होतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते बहुमताची जुळणी बदलल्यावर.

यातली खरी शोकांतिका गेव्हिन राइट या आर्थिक इतिहासकाराने २०१३ मध्ये दाखवली. नागरी हक्कांच्या कायद्यांनी दक्षिणेच्या गोऱ्यांचं काही हिरावून घेतलं नाही. उलट उद्योग आले, पगार वाढले, बाहेरचं भांडवल आलं. काळ्यांचा फायदा गोऱ्यांच्या तोट्यातून आलेला नव्हता. तरीही मतपेटीत त्याची पावती मिळाली नाही. माणूस स्वतःच्या आर्थिक हिताप्रमाणे मत देतो असं मानणाऱ्या आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना हा पुरावा पचायला जड जातो आणि म्हणूनच बहुधा पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही.

रेगन यांनी वरचा करदर ७० वरून २८ टक्क्यांवर आणला, १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी पाठवलं. त्यानंतर आलेले डेमोक्रॅट अध्यक्ष आर्कान्साचे होते आणि त्यांनी यातलं बरंच काही जागेवर राहू दिलं. क्लिंटन यांनी १९९६ मध्ये मोठ्या सरकारचं युग संपल्याचं जाहीर केलं, त्याच वर्षी गरीब मातांची मदत मुदतबंद करून पुन्हा राज्यांच्या हाती दिली आणि १९९९ मध्ये कार्टर ग्लास यांच्या कायद्याने घातलेली बँकांमधली भिंत पाडली. शतक संपताना अकराही दक्षिणी राज्यांत संघटनेची वर्गणी ऐच्छिक होती. वरच्या दहा टक्क्यांचा उत्पन्नातला वाटा पुन्हा महामंदीपूर्वीच्या पातळीजवळ पोचला होता. १९३५ मध्ये गळलेले शेतमजूर वृद्धापकाळ विम्यात १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी आले, किमान वेतनात १९६६ मध्ये; घरकामगारांना किमान वेतन मिळालं १९७४ मध्ये. वॅग्नर कायद्यातलं कलम मात्र कुणी बदललं नाही. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये आपल्या शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण देशाच्या कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार यांना संघटनेच्या हक्कातून वगळणारं ते कलम शतक संपलं तेव्हा होतं तसंच होतं आणि अजूनही आहे.